ढाक्याची तार, बाल्टिमोरच्या होड्या: १९७१ मधल्या अमेरिकी तरुणांचा भ्रमनिरास

६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून वॉशिंग्टनला एक तार गेली. तिच्याखाली वीस जणांची नावं होती. कुणी दूतावासातले, कुणी अमेरिकी मदत संस्थेतले, कुणी माहिती सेवेतले. सगळे सरकारी नोकर, आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा. पूर्व पाकिस्तानबाबतचं आपल्या सरकारचं धोरण आम्हाला मान्य नाही, हे त्यांनी विषयाच्या ओळीतच लिहून टाकलं होतं. आतली भाषा त्याहून कडक होती. लोकशाही दडपली गेली तेव्हा आपल्या सरकारनं निषेध केला नाही, अत्याचार झाले तेव्हाही केला नाही, आणि याला अनेक जण नैतिक दिवाळखोरी म्हणतील, असं त्यांनी आपल्याच वरिष्ठांना कळवलं.

मराठी घरांत १९७१ ची आठवण निघते ती ब्लॅकआउटच्या रात्री मुंबईत खिडक्यांना चिकटवलेल्या काळ्या कागदांची, विक्रांतची, बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या अमेरिकेच्या सातव्या आरमाराची. त्या आठवणीत अमेरिका म्हणजे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर. त्याच अमेरिकेत, त्याच वर्षी, आपल्या सरकारच्या वागण्यानं मन विटलेले शेकडो तरुण होते. काही परराष्ट्र खात्यात बसून, काही प्रयोगशाळेत, काही अक्षरशः पाण्यात उतरून भांडत होते. त्यांची गोष्ट आपल्याकडे तुकड्यातुकड्यांत येते. इथे ती सलग मांडतो आहे. परदेशातल्या राजकीय हिंसेपुढे आपलं सरकार गप्प बसलं की तरुणांचा विश्वास नेमका कोणत्या जागी तुटतो, हे मला या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं.

त्या रात्रीपर्यंत

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं राष्ट्रीय सभेतल्या ३१३ पैकी १६७ जागा मिळवल्या. म्हणजे सबंध पाकिस्तानात स्पष्ट बहुमत. सभा ३ मार्चला भरायची होती. १ मार्चला लष्करशहा याह्या खान यांनी ती पुढे ढकलली आणि पूर्व बंगाल रस्त्यावर उतरला. वाटाघाटींचं नाटक तीन आठवडे चाललं. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कर बाहेर पडलं. विद्यापीठातल्या जगन्नाथ हॉल या हिंदू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर आणि इक्बाल हॉलवर हल्ला झाला, शिक्षकांना त्यांच्या राहत्या घरांत मारलं, जुन्या ढाक्यातल्या वस्त्या पेटवल्या, मुजीबना पकडून पश्चिमेकडे नेलं. पुढच्या नऊ महिन्यांत किती माणसं मेली याचे आकडे आजही वादाचे आहेत. बांगलादेश ३० लाख म्हणतो, अनेक संशोधक त्याहून बरेच खाली येतात, पण लाखांच्या खाली कुणी प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही. भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. बंगाली जमावांनी उर्दूभाषक बिहारींना मारल्याच्या घटनाही घडल्या, हेही इथेच नोंदवायला हवं. त्यामुळे लष्करानं जे केलं त्याचं वजन तसूभरही कमी होत नाही.

ढाक्यातले अमेरिकी लोक हे सगळं गच्चीवरून पाहत होते. त्यांच्या घरांत बंगाली नोकरचाकर आणि त्यांचे नातेवाईक लपलेले होते. रस्त्यावर फिरणारे एम-२४ रणगाडे अमेरिकेतच बनलेले होते. सैनिकांची ने-आण करणारी सी-१३० विमानंही तिथलीच. दूरवरच्या कुठल्यातरी अनोळखी देशातली यादवी पाहावी, तसं ते पाहणं नव्हतं. आपल्याच कारखान्यांतला माल आपल्याच शेजाऱ्यांवर चालताना त्यांना दिसत होता.

वाणिज्य दूतावासाचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी २८ मार्चलाच वॉशिंग्टनला कळवलं होतं की इथे निवडून निवडून वंशसंहार चालू आहे. कोणाची नावं यादीत आहेत, हिंदूंच्या वस्त्या कशा वेगळ्या काढल्या जातात, विद्यापीठात काय झालं, याचे तपशील रोज जात होते. वॉशिंग्टनकडून काहीच येत नव्हतं. ना प्रश्न, ना सूचना, ना जाहीर निषेधाचा एखादा शब्द. त्या काळी परराष्ट्र सेवेत असलेल्या कुणालाही ही शांतता काय सांगते ते कळलं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकी कुटुंबांना ढाक्याबाहेर काढलं, तेही पाकिस्तानी विमान कंपनीच्या विमानांनी. येताना पश्चिमेकडून सैनिक आणायचे आणि जाताना अमेरिकी बायकामुलं न्यायची, अशा त्या फेऱ्या होत्या. मागे राहिलेल्यांच्या मनात साचलेला राग त्या दिवसांत शिगेला पोचला. तारेचा मसुदा मुख्यतः स्कॉट बुचर या तरुण राजकीय अधिकाऱ्यानं लिहिला.

तारेत एक मुद्दा असा आहे की तो वाचताना दर वेळी मी थांबतो. या प्रकरणात पाकिस्तानला निषेधाचा संदेश पाठवला तो सोव्हिएत संघानं. निवडून आलेल्या बहुमताच्या नेत्याची अटक चुकीची आहे असं मॉस्को म्हणत होतं आणि वॉशिंग्टन 'हा सार्वभौम देशाचा अंतर्गत प्रश्न' म्हणून गप्प होतं. अमेरिका म्हणजे स्वतंत्र जगाचा नैतिक आधार, या शिकवणीवर वाढलेल्या मुलांना ही उलटापालट सहन होण्यासारखी नव्हती. ती मुलं डावी नव्हती, बंडखोर नव्हती. स्पर्धेतून निवडून सरकारी सेवेत आलेली, टाय लावून कचेरीत जाणारी माणसं होती ती. तारेच्या शेवटीसुद्धा त्यांनी 'व्यावसायिक लोकसेवक म्हणून' असहमती नोंदवली आणि देशाचं नैतिक स्थान वाचवण्यासाठी धोरण बदलेल अशी तळमळीची आशा व्यक्त केली. आशा होती, म्हणून तर लिहिलं.

ब्लड यांनी स्वतः सही केली नाही. दूतावासाचा प्रमुख असताना सही करणं योग्य नाही, पण या मतांशी मी सहमत आहे आणि या लढ्याचा शेवट बहुधा स्वतंत्र बांगलादेशात होईल, असं त्यांनी खाली जोडलं. तार पाठवताना तिची गोपनीयता त्यांनी खालच्या पातळीवर ठेवली. त्यामुळे ती खात्यात भराभर फिरली. परराष्ट्र खात्यातल्या दक्षिण आशियाच्या नऊ जाणकारांनी लगेच परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना पत्र लिहून ढाक्याच्या सहकाऱ्यांच्या मताला पाठिंबा दिला.

गप्प बसण्याची वाट

असहमती कळवायचा हा मार्ग तेव्हा अगदी नवा होता. १९७० साली निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घातलं तेव्हा पन्नास परराष्ट्रसेवा अधिकाऱ्यांसह खात्यातल्या अडीचशेच्या आसपास माणसांनी निषेधपत्र दिलं होतं आणि अध्यक्ष संतापले होते. त्यानंतर खात्यानं ठरवलं की मतभेद असतील तर ते आतल्या आत, अधिकृत मार्गानं कळवावेत, त्याबद्दल कुणाला शिक्षा होणार नाही. ढाक्याची तार या मार्गाचा अगदी सुरुवातीचा आणि आजवरचा सर्वात गाजलेला वापर.

तिचं झालं काय? रॉजर्स यांनी किसिंजरना फोन केला. दोघांना काळजी एकच, की तार बाहेर फुटेल. किसिंजर म्हणाले, ती विरोधी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींपर्यंत पोचणार. रॉजर्सनाही खात्री होती. तारेत लिहिलेलं खरं आहे की खोटं, यावर चर्चा झालेली नाही. मला यातलं हे सर्वात भयंकर वाटतं. मतभेदाला जागा दिली आणि त्या जागेतून आलेला मजकूर फक्त गळतीचा धोका म्हणून वाचला.

एप्रिलच्या अखेरीस किसिंजरनी निक्सन यांच्यापुढे पर्याय ठेवले. निक्सन यांनी त्या कागदावर हातानं लिहिलं: सर्वांसाठी, या वेळी याह्यांवर दबाव आणू नका. 'नका'खाली तीन रेघा मारल्या. ब्लड यांना परत बोलावण्यात आलं आणि जूनमध्ये त्यांनी ढाका सोडलं.

ढाक्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना त्या चिठ्ठीची माहिती नव्हती. पण धोरण काय आहे ते त्यांना कळत होतं, आणि त्याबरोबर एक दुसरी गोष्टही. आतापर्यंत त्यांचा समज असा, की वर माहिती पोचत नसेल, किंवा पोचली तरी कुणी नीट वाचत नसेल. आपण अधिक स्पष्ट लिहिलं, अधिक तपशील दिले, तर सरकार हलेल. ६ एप्रिलनंतर हा समज ठेवायला जागा राहिली नाही. सरकारला सगळं माहीत होतं. त्यांनीच कळवलं होतं.

विश्वास तुटण्याची जागा हीच, असं माझं मत आहे. सरकार अडाणी आहे, संथ आहे, घाबरट आहे, हे तरुण माणूस एक वेळ सोसतो, कारण त्यात सुधारणेला वाव असतो. सगळं समजून, तोलून, सही करून ते गप्प बसलं आहे, हे कळलं की मग समजावून सांगण्याचं कामच संपतं.

त्या उन्हाळ्यातली अमेरिका

ही तार ज्या देशात पोचली तो देश आधीच पेटलेला होता. मे १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले होते. मे १९७१ च्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये युद्धविरोधी निदर्शनांत बारा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. १ जुलैला २६ वी घटनादुरुस्ती मंजूर होऊन अठरा वर्षांच्या मुलामुलींना मताचा हक्क मिळाला.

आणि १३ जून. त्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सनं पेंटॅगॉन पेपर्स छापायला सुरुवात केली. व्हिएतनामबाबत एकामागून एक सरकारं जनतेशी खोटं बोलत आली होती, हे सरकारच्याच कागदांतून बाहेर आलं. त्याच रविवारी लंडनच्या संडे टाइम्सनं पूर्व बंगालमधल्या संहाराचा सविस्तर वृत्तांत छापला. त्याचा लेखक अँथनी मस्कारेन्हस. जन्म बेळगावचा, घराणं गोमंतकीय ख्रिस्ती, वाढले कराचीत. तिथल्या मॉर्निंग न्यूजमध्ये ते सहायक संपादक होते. लष्करानं निवडक पत्रकारांना पूर्वेकडे फिरवून आणलं, परतल्यावर बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मस्कारेन्हसना ते लिहिता येईना. त्यांनी लंडन गाठून संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेट दिली, परत कराचीला जाऊन बायकोमुलांना आधी देशाबाहेर काढलं, मग स्वतः अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरून निसटले. त्यानंतरच लेख छापला गेला. लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बसून ऐकलेल्या गप्पा, रोजच्या शिकारीचे आकडे, गावं जाळण्याची नावनिशीवार हकीगत, असं सगळं त्यात होतं. आपल्याकडे मस्कारेन्हस यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. बेळगाव-गोव्याच्या माणसानं विसाव्या शतकातल्या एका मोठ्या गुन्ह्याची साक्ष घरदार सोडून दिली.

नऊ दिवसांनी, २२ जूनला, टॅड शुल्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी दिली की बंदी असतानाही अमेरिकी लष्करी सामान पाकिस्तानी जहाजांवर चढतं आहे. 'सुंदरबन्स' आधीच निघून गेलं होतं, 'पद्मा' येत होतं. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, सांगितलं होतं की २५ मार्चनंतर पाकिस्तानला शस्त्रं जात नाहीत. खात्याचा खुलासा असा, की परवाने आधीच दिलेले होते, ते वैध आहेत. कायद्याच्या दृष्टीनं खुलासा बरोबर असेल. नैतिकदृष्ट्या तो मुलांना काय सांगत होता, ते वेगळं लिहायला नको. एका शब्दानं रद्द करता येणारी गोष्ट सरकार रद्द करत नव्हतं.

जहाजांना जी नावं होती ती बंगालच्याच नदीची आणि बंगालच्याच जंगलाची.

डॉक्टर आणि होड्या

ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा होती, मुख्यतः अमेरिकी पैशावर चालणारी. तिथे काम करणारे तरुण अमेरिकी डॉक्टर मोठ्या जिद्दीचे होते. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये तिथेच दाखवून दिलं होतं की मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून कॉलऱ्याचा रोगी वाचवता येतो. (१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी वापरून हजारो माणसं वाचवली. आज आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते, तिचं मूळ या दोन ठिकाणी आहे.)

या डॉक्टरांपैकी जॉन रोहडी एप्रिलमध्ये बायकोसह ढाक्यातून बाहेर पडले. १७ एप्रिलला त्यांनी आपल्या ओहायो राज्याचे सिनेटर विल्यम सॅक्सबी यांना पत्र लिहिलं. सॅक्सबी रिपब्लिकन, म्हणजे निक्सन यांच्याच पक्षाचे. छतावरून पाहिलेले रणगाडे, रमना काली मंदिराच्या वस्तीत २९ मार्चला पाहिलेले जळके देह, पूर्व पाकिस्तानात आता जंगलचा कायदा चालतो हे वाक्य, असं ते पत्र होतं. सॅक्सबींनी ते काँग्रेसच्या कामकाजात नोंदवलं. पुढे त्यांनी आणि डेमोक्रॅट फ्रँक चर्च यांनी मिळून पाकिस्तानची मदत थांबवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये मांडली. ढाक्याहून परतलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्रांनी वॉशिंग्टनमध्ये बांगलादेश माहिती केंद्र उघडलं आणि सिनेटरांच्या दारात बसून एकेकाला तपशील पुरवले. टेनेसीत अर्थशास्त्र शिकवणारे तिशीतले मुहम्मद युनूस नॅशव्हिलमधून बातमीपत्र काढत होते. शिकागोत उंच इमारतींचे प्रख्यात अभियंते फझलुर रहमान खान निधी उभा करत होते. बंगाली आणि अमेरिकी माणसं एकाच टेबलाशी बसून पाकिटांवर पत्ते लिहीत होती.

सरकारवर रागावलेल्या तरुणांनी सरकारी यंत्रणा सोडून दिली नाही, याकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं. अध्यक्षांचं दार बंद झालं म्हणून ते सिनेटच्या दाराशी गेले. संसदेला खर्चावर हक्क आहे, हे शाळेतल्या नागरिकशास्त्रात शिकलेलं त्यांनी खरं मानलं.

फिलाडेल्फियात मात्र वेगळी माणसं होती. क्वेकर पंथाची अहिंसेची जुनी परंपरा तिथे रुजलेली. 'फ्रेंड्स ऑफ ईस्ट बेंगॉल' नावाचा गट तिथे जमला आणि त्यांनी ठरवलं की पत्रं पुरे, आता जहाजच अडवायचं. जुलैच्या मध्यावर 'पद्मा' बाल्टिमोरच्या बंदराकडे येत होतं. त्याच्या वाटेत हे लोक वल्हवायच्या लहान होड्या घेऊन उतरले. हजारो टनांचं मालवाहू जहाज आणि पुढे माणूस-दोन माणूस बसतील एवढ्या होड्या. पोलिसांच्या आणि तटरक्षक दलाच्या लाँचेस आल्या, होड्या बाजूला ओढल्या, काही जणांना अटक झाली आणि जहाज धक्क्याला लागलं.

हरले, असं म्हणता येईल. पण टीव्हीवर त्या होड्या दिसल्या. पूर्व पाकिस्तान नकाशावर कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही प्रश्न पडला, की आपल्याच बंदरातून हे काय चाललंय. गट मग गोदी कामगारांच्या संघटनेकडे गेला. हे कामगार व्हिएतनामविरोधी विद्यार्थ्यांबद्दल फारसं प्रेम असणारे नव्हते. माल चढवला नाही तर मजुरी बुडते, हेही उघड होतं. तरीही फिलाडेल्फियाच्या गोदीत पाकिस्तानी जहाजावर लष्करी माल चढवायला त्यांनी नकार दिला. या सबंध प्रकरणात माझ्या मते सर्वात मोठी कमाई हीच. वसतिगृहात राहणारा मुलगा आणि रोजंदारीवरचा हमाल एकाच धक्क्यावर उभे राहिले.

१ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी दोन मैफली केल्या. चाळीस हजार लोक आले, त्या एका दिवसात युनिसेफसाठी २,४३,४१८ डॉलर जमले. तिकीट काढून आलेल्या मुलांच्या तोंडी बांगलादेश हे नाव बसलं, आणि त्यांचं सरकार त्या नावाचा देश मानायलाच तयार नव्हतं. शरद ऋतूत व्हाइट हाउससमोरच्या लफायेत बागेत कार्यकर्ते सांडपाण्याच्या मोठ्या पाइपांमध्ये राहिले. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये निर्वासित तसेच पाइपांत राहत होते, ते अध्यक्षांच्या खिडकीतून दिसावं म्हणून.

चीनचं कारण

निक्सन-किसिंजर यांची बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा अभ्यास एकांगी होईल. चीनशी दोन दशकं तुटलेला संवाद त्यांना पुन्हा सुरू करायचा होता आणि निरोप ने-आण करत होते याह्या खान. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोट बिघडल्याचं निमित्त करून किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले. १५ जुलैला निक्सन यांनी ते टीव्हीवरून जगाला सांगितलं. बाल्टिमोरच्या बंदरात होड्या उतरल्या त्याच दिवसांत. शीतयुद्धाचा पट बदलणारी ही घटना होती, यात शंका नाही. निर्वासितांसाठी अमेरिकेनं मोठ्या प्रमाणात अन्न आणि पैसाही दिला. मुजीबना फाशी देऊ नये म्हणून खाजगीत शब्द टाकल्याचंही ते सांगत.

पण हे कारण तरुणांना पटण्यासारखं होतं का? मला वाटतं, निम्मंही नाही. गुप्तता हवी होती म्हणून एप्रिलमध्ये गप्प बसलात, हे एक वेळ मानू. १५ जुलैनंतर गुपित उरलं नव्हतं. तरी परवाने चालू राहिले ते थेट नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा सांगितलं गेलं, की अजून अध्यक्षांची चीनभेट व्हायची आहे, मित्राला सोडलं तर चीन आपल्यावर विश्वास कसा ठेवेल. डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं तेव्हा कारण पुन्हा बदललं: भारत पश्चिम पाकिस्तानही मोडेल. दर वेळी हिशेब नवा, निष्कर्ष तोच. ज्या माणसांनी ढाक्यात प्रेतं मोजली होती त्यांना असं कारण कळल्यानं दिलासा मिळत नाही. आपली साक्ष कशासाठी बाजूला ठेवली गेली, त्याची फक्त किंमत कळते.

शिवाय हे कारण त्यांना विश्वासात घेऊन कधी सांगितलंच नव्हतं. वृत्तपत्रातून कळलं.

पदरात काय पडलं

३ ऑगस्टला प्रतिनिधीगृहानं पाकिस्तानची मदत रोखणारी गॅलगर दुरुस्ती मंजूर केली. त्याच महिन्यात एडवर्ड (टेड) केनेडी बंगालच्या छावण्यांत चिखलातून फिरले आणि १ नोव्हेंबरला त्यांनी सरकारच्या धोरणावर कडक अहवाल दिला. २९ ऑक्टोबरला सिनेटनं परदेशी मदतीचं अख्खं विधेयकच पाडलं. याचं श्रेय बंगालसाठी झगडणाऱ्यांना पूर्ण देता येत नाही, व्हिएतनामचा वैताग आणि तैवानला संयुक्त राष्ट्रांतून काढल्याचा राग त्यात जास्त होता. ८ नोव्हेंबरला सरकारनं उरलेले शस्त्रपरवाने रद्द केले. माल होता ३६ लाख डॉलरचा. सात महिने तरुण मुलं, डॉक्टर, गोदी कामगार, सिनेटर ज्यासाठी झटले, ती गोष्ट अखेर एका खात्याच्या एका पत्रकानं झाली.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. बैठकीत किसिंजर सांगत होते की अध्यक्ष दर अर्ध्या तासाला ओरडतात, भारताविरुद्ध पुरेसं कठोर होत नाही म्हणून. पत्रकार जॅक अँडरसन यांनी या बैठकांची टिपणंच छापली आणि त्याबद्दल त्यांना १९७२ चं पुलित्झर मिळालं. सरकार जाहीरपणे तटस्थ असल्याचं सांगत होतं, आत पाकिस्तानकडे कल ठेवायचे हुकूम सुटत होते, हे लोकांनी वाचलं. 'एंटरप्राइझ' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. तारेखाली ब्लड यांनी जोडलेला अंदाज आठ महिन्यांत खरा ठरला होता. अमेरिकेनं बांगलादेशला मान्यता दिली ४ एप्रिल १९७२ ला.

अंदाज बरोबर निघाला म्हणून कुणाला बढती मिळाली नाही. आणि शिक्षा होणार नाही, या आश्वासनाचं काय झालं तेही पाहायला हवं. खाली सही करणाऱ्या बहुतेक तरुणांचं नोकरीत फारसं बिघडलं नाही. वॉशिंग्टनमधून पाठिंब्याचं पत्र देणाऱ्या नऊ जणांपैकी काही पुढे मोठ्या पदांवर गेले. पीटर बर्ली श्रीलंकेत राजदूत होते आणि नंतर दिल्लीतल्या दूतावासाचा कारभारही त्यांनी पाहिला. किंमत वसूल झाली ती एकाकडून. जो ज्येष्ठ होता, ज्यानं तरुणांना लिहू दिलं आणि तार थांबवली नाही, त्याच्याकडून. ढाक्याहून आल्यावर आर्चर ब्लड यांना कर्मचारी विभागात बसवलं. परराष्ट्रसेवा अधिकाऱ्यांच्या संघटनेनं त्यांना रचनात्मक असहमतीबद्दलचा हर्टर पुरस्कार १९७१ मध्येच दिला, पण सरकारच्या लेखी त्याला मोल नव्हतं.

असहमतीचा तो मार्ग आजही चालू आहे. २०१६ मध्ये सीरियाबाबत ५१ अधिकाऱ्यांनी त्यावरून निवेदन दिलं, गाझाच्या युद्धातही तो वापरला गेला आणि काही तरुण अधिकाऱ्यांनी राजीनामेही दिले. लिहिणाऱ्याला संरक्षण आहे. वाचणाऱ्यानं उत्तर दिलंच पाहिजे, खात्याच्या नियमानुसार उत्तर येतंही. धोरण बदलण्याचं बंधन मात्र त्या नियमात कुठेच नाही, आणि १९७१ च्या पहिल्या पिढीलाही तसं वचन देण्यात आलेलं नव्हतं.

त्या नऊ जणांपैकी हॉवर्ड शॅफर १९८४ मध्ये बांगलादेशात अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले. ब्लड यांना राजदूतपद कधीच मिळालं नाही. २००४ मध्ये कोलोरॅडोत त्यांचं निधन झालं आणि पुढच्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरनं आपल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलं.